जुना छोटा कॅम्पर ट्रक दुरुस्त करून कच्च्या वाटांसाठी कसा तयार करावा

छोट्या पिकअपच्या चासीवर राहण्याची खोली चढवलेल्या गाड्या १९७० आणि १९८०च्या दशकांत बऱ्याच निघाल्या. टोयोटा हायलक्सच्या चासीवर बांधलेले चिनूक, सनरेडर आणि डॉल्फिन हे त्यातले आजही आवर्जून शोधले जाणारे. पाच-सहा मीटर लांबी, आत दोन माणसांची झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी आणि पुढे जेमतेम १०० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. रचना इतकी सरळ, की पान्ह्यांचा एक चांगला संच हाताशी असला तर निम्मी गाडी घरीच उकलता येते. अरुंद वाटेवर, फांद्यांखालून, आखूड वळणांवर मोठी मोटारहोम जिथे अडते तिथून ही निघून जाते. एवढी मेहनत घ्यावी अशीच ही गाडी आहे.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. या गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हाच वजनाच्या मर्यादेला टेकलेल्या होत्या. त्यावर मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), छतावरचा कॅरियर, जादा बॅटरी असं चढवत गेलं, की खडकाळ वाटेवर आधी पाटे (लीफ स्प्रिंग) बसतात, मग बेअरिंग जातं, मग उतारावर ब्रेक तापतात. म्हणून गाडीत काय काय लावायचं याची यादी करण्याआधी काय काय काढता येईल याची यादी करा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. चासी, ॲक्सल आणि ब्रेक आधी, खोलीची गळती त्यानंतर, मग इंजिन, मग वीज आणि गॅस, आणि फर्निचर सगळ्यात शेवटी. आतलं लाकूडकाम आधी करण्याचा मोह अनावर असतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण गळक्या छताखाली बसवलेलं नवं कपाट पहिल्याच पावसाळ्यानंतर पुन्हा उखडावं लागतं.

घेण्याआधीची तपासणी

जुन्या गाडीत दोन प्रकारचे दोष असतात: सुटा भाग बदलून जाणारे आणि सांगाड्यात मुरलेले. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे पहिल्या प्रकारात येतात, त्यामुळे ते खराब असले तरी घाबरू नका. चासीचा गंज आणि खोलीतलं कुजलेलं लाकूड हे दुसऱ्या प्रकारातले. निर्णय त्यांच्यावर घ्या.

गाडीखाली झोपून छोट्या हातोडीने चासी ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेले असतात ती जागा, मागच्या ॲक्सलवरची चासीची कमान, आणि बंद पेटीसारख्या भागांची खालची बाजू इथे जास्त वेळ घालवा. चिखल आणि ओल याच ठिकाणी साचून राहते. नुकताच काळा रंग मारलेली चासी दिसली तर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोर लावून पाहा. रंगाखाली पापुद्रे असतील तर टोक आत जातं.

खोलीत शिरल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला तर ओल आहे, मग भिंती कितीही चकचकीत असोत. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याचा पुढचा कोपरा, खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या झडपांभोवतीची जागा आणि मागच्या दारालगतची जमीन अंगठ्याने दाबा. मऊ लागलं तर आतलं प्लायवूड गेलेलं असतं. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेल्या खोल्यांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत चौकटीचा भुसा झालेला असतो. सनरेडरची खोली फायबरग्लासच्या मोठ्या साच्यातल्या तुकड्यांची, त्यामुळे तिच्यात सांधे कमी आणि गळतीच्या जागाही कमी. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी फायबरची खोली आणि नादुरुस्त इंजिन घेईन. पत्र्याची खोली आणि चालतं इंजिन घेणार नाही.

मागचा ॲक्सल हा तिसरा निकष, त्याबद्दल पुढे सविस्तर. कागदपत्रांवरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवरच्या नंबराशी जुळवा. ॲक्सल किंवा आसनसंख्या बदलायला तुमच्याकडच्या नियमांत परवानगी लागते का, हेही कापाकापी सुरू करण्याआधी विचारून घ्या.

वजनकाट्यावर

गाडी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ती रिकाम्या अवस्थेत वजनकाट्यावर नेणं. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. तिन्ही आकडे लिहून ठेवा. चासीच्या पाटीवर एकूण वजनाची आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा दिलेली असते. तिच्यातून हे आकडे वजा केले की उरलेली रक्कम हीच तुमची खरी शिल्लक.

समजा एकूण मर्यादा २,५०० किलो आहे आणि रिकामी गाडी २,०५० किलो भरली. शिल्लक ४५० किलो. दोन माणसांचे १५० गेले. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. ६० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ४५ किलो. गॅसचं सिलिंडर, हत्यारं, जॅक, अंथरुणं, कपडे आणि भांडीकुंडी मिळून सहज १२० किलो होतात. उरले ७५. यात विंच, लोखंडी बंपर आणि बॅटरी बसवायची आहे, आणि प्रवासाचं खाणंपिणं अजून मोजलेलंच नाही.

वजन कुठे ठेवता यालाही तितकंच महत्त्व आहे. मागच्या ॲक्सलच्या मागे टांगलेली वस्तू तरफेसारखी वागते. ३० किलोचं जादा चाक मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे टांगलं आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.८ मीटर असलं, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे ४३ किलो भार वाढतो आणि पुढच्या ॲक्सलवरचा १३ किलोंनी कमी होतो. चढावर आधीच हलकी झालेली पुढची चाकं आणखी हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. पाणी, बॅटरी, हत्यारं अशा जड वस्तू दोन्ही ॲक्सलच्या मधे आणि जमिनीलगत ठेवा. छतावर फक्त सौरपॅनल.

उकलणं

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढा, प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा. वायरींना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून क्रमांक द्या. गंजलेल्या बोल्टवर भेदक तेल आदल्या रात्री मारून ठेवा, आणि तरीही हलला नाही तर पान्ह्याला पाइप लावून जोर करण्याऐवजी नट तापवा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या उतरवल्याशिवाय मात्र आसपास आग नेऊ नका.

शक्य असेल तर खोली चासीवरून उचला. चार जॅक, दोन भक्कम आडव्या तुळया आणि सावकाशपणा एवढं पुरतं, पण खोलीखाली जाण्याआधी ती लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. चासी उघडी झाली, की चार महिन्यांचं काम दोन महिन्यांत होतं आणि दोषही सगळे समोर येतात.

चासी

सैल गंज तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने काढा, खोल खड्ड्यांवर फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक लावा, मग इपॉक्सी अस्तर आणि त्यावर रंग. पत्रा पातळ झाला असेल त्या जागी वरून ठिगळ चिकटवू नका. कुजलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवा. मजबुतीसाठी वरून पट्टी लावायची असेल तर ती समभुज चौकोनाच्या किंवा माशाच्या आकाराची कापा. चासीला काटकोनात उभी शिवण घातली तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि तडा नेमका वेल्डिंगच्या कडेला जातो. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी सोडा.

बंद पेटीच्या आतल्या बाजूला रंग पोचत नाही. तिथे लांब नळीने मेणासारखं गंजरोधक फवारा, आणि पाणी निचरायची मूळ छिद्रं तारेने मोकळी करा. ही छिद्रं बुजवली, तर वरचा सगळा खटाटोप वाया जातो.

ॲक्सल, पाटे आणि ब्रेक

मागच्या ॲक्सलचे दोन प्रकार असतात. एकात चाक थेट ॲक्सलच्या दांड्यावर बसतं. दांडा फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला की चाक गाडीपासून निखळतं. दुसऱ्यात चाक दोन बेअरिंगांवर ॲक्सलच्या नळीवर बसतं आणि दांड्याचं काम फक्त फिरवण्याचं. याला फुल-फ्लोटिंग म्हणतात. काही जुन्या टोयोटा कॅम्परना मागे जोडचाकं दिसतात, पण आतला ॲक्सल हलक्या पिकअपचा पहिल्या प्रकारचाच असतो. जोडचाकं नुसती बाहेरून जोडलेली. त्या जोडचाकांच्या गाड्यांमध्ये चाकाला ५ नट असतील तर सावध व्हा. ६ नटांचा एक टनी फुल-फ्लोटिंग ॲक्सल हवा. एकेरी चाकाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह हायलक्सलाही ६ नट असतात आणि तिचा ॲक्सल मात्र फुल-फ्लोटिंग नसतो, म्हणून फक्त नट मोजून थांबू नका. फुल-फ्लोटिंगमध्ये चाकाच्या मध्यभागी दांड्याचं बाहेर आलेलं तोंड आणि त्याभोवती छोट्या बोल्टांचं कडं दिसतं. ते दिसलं पाहिजे.

कच्च्या रस्त्यासाठी जोडचाकं गैरसोयीची. दोन टायरांच्या फटीत दगड अडकून टायर फाडतो, आणि वाळूत मागच्या चाकांना पुढच्यांची घळ मिळत नाही, स्वतःची नवी करावी लागते. पुरेशा भारक्षमतेचे एकेरी टायर बसवता येत असतील तर बसवा. टायरच्या कडेवर छापलेला भारांक पाहूनच निवड करा आणि तारखेचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कॅम्पर उभी राहून राहून म्हातारी होते. नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा टायर दिसायला नवा असला तरी टाकून द्या.

टायर मोठे केले की ॲक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तरही बदलावं लागतं. २७ इंची टायरवर ४.१० गुणोत्तर असेल आणि तुम्ही ३१ इंची बसवले, तर मूळची ओढ परत मिळवायला ४.७ च्या आसपासचं गुणोत्तर हवं. हायलक्ससाठी ४.८८ मिळतं, ते जवळचं. १०० अश्वशक्तीत हा बदल टाळला तर गाडी चढावर सतत दुसऱ्या गिअरमध्ये घोटाळत राहते आणि क्लच जळतो.

फोर-व्हील-ड्राइव्ह हवंच का, हा प्रश्न शांतपणे सोडवा. कच्च्या रस्त्यांपैकी बहुतेक रस्ते चांगले टायर, थोडी जास्त उंची आणि मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी जोडणी) एवढ्यावर पार होतात. पुढचा ॲक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या ॲक्सललाही शक्ती देणारी गिअरपेटी) आणि जादा शाफ्ट यांनी १०० किलोंहून अधिक वजन वाढतं. फोर-व्हील-ड्राइव्हचा खरा फायदा मला लो-रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणाऱ्या गिअरमध्ये, दिसतो. हायलक्सच्या गिअरच्या ट्रान्सफर केसमध्ये लो-रेंज २.२८ ला १ असतो, त्यामुळे खडकांवरून गाडी चालत्या माणसाच्या गतीने, क्लच न तापवता नेता येते. तुमच्या वाटा तशा असतील तर करा. मग सुटे भाग एकेक जोडत बसण्यापेक्षा अपघातात वरून मोडलेली पण चासी सरळ असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप शोधून तिच्या चासीवर खोली चढवणं जास्त स्वच्छ काम होतं. १९७९ ते १९८५ मधल्या फोर-व्हील-ड्राइव्ह हायलक्सना पुढे सलग ॲक्सल आणि पाटे होते. अशा वापरासाठी तीच पिढी सोयीची.

पाटे बसलेले असतील तर नुसती एक पट्टी वाढवू नका. भरलेल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा आकडा देऊन त्या वजनाचा पूर्ण संच बनवून घ्या. उंची ५ सेंटीमीटरहून जास्त वाढवण्याची गरज क्वचितच पडते. उंच खोलीची गाडी आणखी उंच केली की आडव्या उतारावर ती लवकर कलंडते, हे विसरू नये.

उंची वाढवताना ब्रेकमध्ये एक फेरफार करावाच लागतो, आणि नेमका तोच बऱ्याचदा राहून जातो. अनेक टोयोटा पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी गेलेली असते. गाडी भरलेली असली की चासी खाली येते, दांडी ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उंच केली, की हा व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचा दाब कमी करतो. नेमक्या सगळ्यात जड गाडीला मागचे ब्रेक अर्धे मिळतात. ॲक्सलवरचा दांडीचा कंस वाढवलेल्या उंचीइतका वर घ्या.

रबरी होज सगळे नवे आणि गरजेपुरते लांब हवेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट-४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर तेवढी उष्णता सहज तयार होते आणि पेडल जमिनीला टेकतं. जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि दर दोन वर्षांनी बदलत राहा.

खोली आणि चासीचा सांधा

या विषयाकडे फार कमी लक्ष जातं, आणि कच्च्या रस्त्यावर खोल्या मोडतात त्या बहुतेक इथेच. पिकअपची शिडीसारखी चासी पीळ खाण्यासाठीच बनवलेली असते. एक पुढचं चाक दगडावर चढलं आणि विरुद्ध बाजूचं मागचं खड्ड्यात गेलं, की चासी ओलं फडकं पिळावं तशी वळते. वर बसवलेली खोली मात्र बंद पेटी असते, ती वळायला तयार नसते. दोघी घट्ट बोल्टने बांधलेल्या असतील तर कोणीतरी हरतं: बोल्टची भोकं लांबट होतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तडा जातो किंवा चासीचाच कंस फाटतो.

खोलीला स्वतःची हलकी उपचौकट द्या. ती चासीला पुढच्या बाजूला, केबिनजवळ, दोन ठिकाणी पक्की बांधा. मागच्या बाजूच्या बोल्टांवर मात्र भक्कम स्प्रिंगा बसवा, म्हणजे चासी वळताना उपचौकट एका बाजूने थोडी उचलली जाऊन परत बसू शकेल. पुढे-मागे आणि आडवी सरकू नये म्हणून बाजूंना मार्गदर्शक पट्ट्या लावा. मोठ्या मोहीम ट्रकांवर तीन किंवा चार बिंदूंवर झुलणारी चौकट वापरतात; तत्त्व तेच, पण छोट्या गाडीला तिचं वजन आणि उंची परवडत नाही. स्प्रिंगवाली मांडणी आपल्या कामाला पुरते.

खरी अडचण येते ती केबिनची मागची भिंत कापून आत जायची वाट केलेल्या गाड्यांत. तिथे केबिन आणि खोली एकमेकींना थेट जोडलेल्या असतात, आणि केबिन स्वतःच्या रबरांवर वेगळी हलत असते. अशा गाडीत मागच्या स्प्रिंगा बसवल्या तर सगळा पीळ त्या सांध्यावर येईल. एक तर वाट ठेवून मधे ईपीडीएम रबराची घडी असलेली बाही बसवा, दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर हालचालीला जागा ठेवून. नाही तर वाट बंद करून केबिन आणि खोली वेगळ्या करा. बाही व्यवस्थित केली तर पाणीही थांबतं आणि धूळही. काम झाल्यावर एक चाक लाकडी ठोकळ्यांवर ३० सेंटीमीटर उचलून गाडी तशीच उभी ठेवा आणि सांध्याभोवती, दाराच्या चौकटीत, खिडक्यांच्या कोपऱ्यांत कुठे घासतंय ते पाहा. दार तेव्हाही उघडबंद झालं पाहिजे.

गळती

जुनं सील वरून नव्या सिलिकॉनने लिंपणं ही या गाड्यांवर सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात घातक दुरुस्ती आहे. सिलिकॉन फायबरवर जो थर सोडतं त्यावर पुढे रंग धरत नाही आणि दुसरं सीलही धरत नाही. प्रत्येक खिडकी, झडप, दिवा, पट्टी पूर्ण काढा. जुनं सील प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, जागा अल्कोहोलने पुसा. खिडक्या आणि झडपांना ब्युटाइल पट्टी लावा. ती कायम मऊ राहते आणि पुढे कधी काढायची झाली तर सहज निघते. जे परत कधी काढायचं नाही अशा सांध्यांना पॉलियुरेथेन सील. स्क्रू कसताना ब्युटाइल कडेने सारखं बाहेर येईपर्यंत क्रमाक्रमाने कसा, दोन दिवस थांबा, पुन्हा कसा, आणि मगच बाहेर आलेलं कापून टाका.

कुजलेलं प्लायवूड दिसतं त्याच्या हातभर पुढेपर्यंत कापा, कारण ओल दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. फायबरला तडा गेला असेल तर नुसती लांबी (पुट्टी) भरू नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना फायबरच्या जाडीच्या १२ पट रुंदीचा उतार घासा आणि त्यावर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत बसवा, छोट्यापासून मोठ्याकडे.

मग चाचणी. नळाखाली गाडी धरली तर पाणी कुठून येतंय ते कळत नाही, कारण ते शिरतं एका ठिकाणी आणि टपकतं दुसऱ्या. त्याऐवजी दारं-खिडक्या बंद करून, एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून पंख्याने किंवा व्हॅक्युम क्लीनरच्या बाहेर टाकणाऱ्या तोंडाने आत हवा भरा. बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे गळती आहे तिथे बुडबुडे येतात, अगदी सुईच्या टोकाएवढ्या भोकालाही. खडूने खूण करा, दुरुस्त करा, पुन्हा हवा भरा. या एका चाचणीने पुढची कित्येक वर्षं वाचतात. कच्च्या रस्त्यावर हीच भोकं धूळही आत घेतात.

उष्णतारोधनासाठी बंद छिद्रांचा फोम वापरा आणि तो पत्र्याला पूर्ण चिकटवा. मधे पोकळी राहिली तर श्वासातली वाफ तिथे थंड होऊन पाणी होते आणि कुजणं पुन्हा सुरू होतं.

इंजिन

टोयोटाच्या २२आर इंजिनाची कीर्ती रास्त आहे, पण त्याला एक नेमकं दुखणं आहे. १९८३च्या सुमारास टायमिंगची साखळी दुपदरीची एकपदरी झाली आणि तिला आधार देणाऱ्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या. काळाने त्या पट्ट्या तुटतात, सैल साखळी बाजूच्या झाकणावर घासत राहते आणि शेवटी झाकण कापून पाण्याच्या वाटेत शिरते. पाणी ऑइलमध्ये मिसळलं, की बेअरिंगं फार टिकत नाहीत. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद समोरून खडखड आली तर ही शंका घ्या. व्हॉल्व्हचं झाकण काढून टॉर्चच्या प्रकाशात पुढून खाली पाहा; पट्टीचा तुकडा नाहीसा असेल तर लगेच कळतं. बदलताना लोखंडी पाठीच्या पट्ट्या घ्या आणि पाण्याचा पंपही त्याच वेळी बदला.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाही, त्याला भेगा पडतात आणि तो पाइप नेमका तापलेल्या इंजिनावरून जात असतो. टाकीत गंज असेल तर ती उतरवून साफ करा. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा क्लच यांत हात आखडता घेऊ नका. भरलेली गाडी लो-रेंजमध्ये चढवताना वाऱ्याचा झोत नसतो, सगळी थंडाई पंख्यावर असते. ३,००० मीटर उंचीवर हवा सुमारे चतुर्थांशाने विरळ होते आणि शक्तीही त्याच प्रमाणात उतरते. कार्ब्युरेटर असेल तर तिथे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, म्हणून उंच भागात जाणाऱ्यांनी लहान जेट सोबत ठेवावेत.

वीज

आधी रोजचा खर्च मोजा. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास खातो, दिवे, पंप आणि फोन मिळून आणखी १० ते १५. म्हणजे १०० अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण दोन दिवस पुरते. लेड-ॲसिडची निम्मीच क्षमता बिनधास्त वापरता येते, म्हणून तेवढ्याच कामाला ती दुप्पट लागते आणि वजन चौपटीच्या जवळ जातं. इथे लिथियमवर खर्च करणं मला पूर्ण पटतं. फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नका; ती आत, उबेत बसवा आणि थंडीत चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा) असलेलीच घ्या. जुन्या अल्टरनेटरला ती थेट जोडली तर तो जळू शकतो, मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवा.

वायरची जाडी अंदाजाने ठरवू नका. २० अँपिअरचा प्रवाह ५ मीटर दूर न्यायचा तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं लागतं. १० चौरस मिमी वायरमध्ये त्यात सुमारे ०.३५ व्होल्ट पडतात, म्हणजे तीन टक्के. तेवढं चालतं. पातळ वायर घेतली तर फ्रिज कमी व्होल्टेज म्हणून बंद पडतो आणि वायर तापते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी गाळा हवाच. कच्च्या रस्त्याच्या थरथरीने उघडी कड काही दिवसांत आवरण कापते.

गॅस आणि हवा

एलपीजी हवेपेक्षा जड आहे, ती गळली तर जमिनीवर साचते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीच्या बाहेर उघडणारं भोक असावं आणि तो कप्पा खोलीपासून पूर्ण बंद असावा. गॅसचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर नाकाच्या उंचीवर. थंड प्रदेशात ब्युटेन चालत नाही, कारण ते शून्य अंशाच्या जरा खालीच वायू होणं थांबवतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. शेगडी किंवा हीटर चालू असताना छताची झडप आणि खाली एक झरोका उघडा ठेवायचा, कितीही थंडी असली तरी.

आतली मांडणी

इथे मोजकंच सांगतो. जाड फळ्या टाळा, ९ ते १२ मिमीचं हलकं प्लाय पुरतं. प्रत्येक ड्रॉवरला दाबल्याशिवाय न उघडणारी कडी हवी, चुंबक कच्च्या रस्त्यावर टिकत नाहीत. कपाटं भिंतीला नुसती स्क्रूने लटकवू नका, चौकटीला बोल्ट करा. पाण्याच्या टाकीत आडवे पडदे हवेत, नाहीतर वळणावर अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी गाडीला ढकलतं.

अडकल्यावर ओढण्याची सोय

पुढे आणि मागे चासीला बोल्ट केलेले, भाराचा आकडा कोरलेले ओढण्याचे हुक लावा. वाहतुकीत गाडी बांधण्यासाठी दिलेली मूळची कडी ओढायला नसतात. ट्रेलरच्या गोळ्याला दोर लावून कोणाही गाडीला कधीच ओढू नका. तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेली आहेत. विंचपेक्षा फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), हवा भरायचा पंप आणि टायरचा दाब मोजायचं यंत्र एवढं वजनाच्या हिशेबात आधी बसवा.

चाचणीचा प्रवास

पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि खोलीचे सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा कसा. प्रत्येक नट आणि त्याखालचा पत्रा यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. मग गाडी नेहमीच्या प्रवासासारखी भरा, पाणी-पेट्रोलसकट, माणसं बसवा आणि पुन्हा काट्यावर न्या. दोन्ही ॲक्सलचे आकडे मर्यादेखाली असतील तर टायरच्या भारतक्त्यावरून पुढच्या आणि मागच्या चाकांचा पक्क्या रस्त्यावरचा दाब ठरवा, आणि तो ड्रायव्हरच्या दारात लिहून ठेवा. दोन्ही ॲक्सलचा दाब जवळजवळ कधीच सारखा येत नाही. कच्च्या रस्त्यावर त्यातून चौथा हिस्सा कमी करून सुरुवात करा, वेग उतरवा, आणि डांबरावर आल्यावर पहिल्याच थांब्यावर हवा परत भरा. कमी दाबाचा टायर वेगात आतून तापून फुटतो. मर्यादेच्या वर गेलात तर मात्र पाटे जाड करून प्रश्न सुटत नाही, कारण ॲक्सल, ब्रेक आणि बेअरिंग तेच राहतात. सामान खाली उतरवून एकेक वस्तू तोलून पाहा आणि काट्याचा आकडा खाली येईपर्यंत काढत राहा.